साक्षीची वाटी

शनिवार, २२ नोव्हेंबर १९५८. सकाळी सव्वासहा वाजता वसतिगृहाच्या प्रमुखांनी माझ्या खाणावळीचे दार वाजवले. ते स्वतः कधी येत नसत, निरोप पाठवीत. त्या दिवशी डोक्याला टोपीही नव्हती. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "नऊ मुले रात्री दहापासून ओकताहेत. डॉक्टर येऊन गेले. जिवाला धोका नाही. चूल पेटवू नका."

चूल पेटलेली होती, चहाचे आधण वर होते. मी लाकडे बाहेर ओढली आणि त्यांवर पाणी मारले.

ही खाणावळ चिंचवड आणि आकुर्डी यांच्या दरम्यानच्या माळावर, एका तंत्रमहाविद्यालयाच्या आवारात होती. पत्र्याचे छप्पर, शहाबादी फरशी, चार लांब बाके. मी तिथे चार वर्षे होतो आणि माझे वय बत्तीस होते. जागा महाविद्यालयाची, धंदा माझा. परवानगी एका वर्षाची असे. दर जूनला प्राचार्यांच्या सहीचा कागद येई. त्यात एक वाक्य होते: अन्नामुळे विद्यार्थ्यांस अपाय झाल्यास ही परवानगी त्याच दिवशी रद्द समजावी. ते वाक्य दर वर्षी वाचून मगच मी खाली सही करीत असे. माझ्याकडे दुसरा धंदा नव्हता. सातारा जिल्ह्यातले गाव मी सोडले होते, आणि परत जाऊन करण्यासारखे तिथे काही उरले नव्हते.

आवारातल्या धंद्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, असे बाहेरच्यांना वाटते. ते खरे आहे. पण हे गिऱ्हाईक उन्हाळ्यात आणि दिवाळीत एकदम नाहीसे होते, परीक्षेच्या आठवड्यात निम्मे जेवते आणि दुप्पट चहा पिते, आणि एकाचे पोट दुखले तर दुपारपर्यंत सगळ्या वसतिगृहाचे दुखू लागते. म्हणून मी काही नियम केले होते. दुधाचे दोन गवळी होते. एक पुनावळ्याचा, दुसरा आकुर्डीचा. पवनेला पाणी चढले की पुनावळ्याचा पलीकडे अडकत असे. कांदा मी स्वतः चाकणला जाऊन निवडून आणी आणि माळ्यावर पसरून ठेवी. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी मीठ, मिरची आणि कांदा यांखेरीज खाणावळीत काही शिल्लक ठेवत नसे.

यांहून महत्त्वाचे नियम दोन होते. प्रत्येक पदार्थ तयार झाला की पहिला घास मी खाई, आणि एक तास गेल्याशिवाय ताट वाढू देत नसे. त्याच वेळी त्या पदार्थाची एक वाटी भरून, झाकून कपाटात ठेवी. ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलवायची नाही. ही वाटी चिनी मातीची होती. मुले तिला साक्षीची वाटी म्हणत. बाहेर भजी खाऊन आलेल्या मुलांनी दोनदा माझ्याकडे बोट दाखवले होते, आणि दोन्ही वेळा प्राचार्यांपुढे वाटी ठेवून मी मोकळा झालो होतो. माझ्या या व्यवस्थेचा मला अभिमान होता.

प्रमुख गेल्यावर आचारी कपाटाकडे निघाला. तो रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, माझ्याहून अधिक पावसाळे पाहिलेला आणि माझ्याहून कमी बोलणारा. म्हणाला, "वाटी आहे नव्हं, मालक? मग झालं तर. घाबरायचं कशाला?"

शुक्रवारचा बेत ठरलेला असे. खिचडी आणि ताकाची कढी. मी कढीची वाटी उजेडात नेली. ती पांढरीशुभ्र होती. वास घेतला, चमचाभर जिभेवर ठेवली. थोडी आंबली होती, इतकेच. कढीत काही दोष नव्हता.

मग मी मोठे तपेले पालथे होते ते सुलटे केले. ते घासून ठेवलेले होते. आत तळाशी ताटाएवढा भाग पिवळा दिसत होता. तिथली कल्हई गेली होती आणि पितळ उघडे पडले होते.

ते मला नवीन नव्हते. आदल्या रविवारी, दिवाळीनंतरचे सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, आचाऱ्याने मला बोलावून तो डाग दाखवला होता. सोमवारी सकाळी चाकणचा कल्हईवाला नेहमीप्रमाणे भाता खांद्याला लावून दारात आला होता. सत्र उघडले की तो येई, तसे आमचे ठरलेले होते. मी त्याला परत पाठवले. कल्हईला बसला की अर्धा दिवस चूल बंद ठेवावी लागे. मुले सुट्टीहून आलेली, भुकेली. चूल बंद दिसली की ती रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जातात, आणि गेलेली सगळीच परत येत नाहीत. मी त्याला म्हणालो, "पुढच्या आठवड्यात ये." आचाऱ्याला म्हणालो, "आठ दिवस चालेल."

गुरुवारपर्यंत त्या तपेल्यात भात आणि वरण झाले. आंबट काही पडले नाही. शुक्रवारी कढी पडली. एवढी कढी मावेल असे दुसरे भांडे नव्हते, आणि त्यातच कर, असे मीच सांगितले होते. उघड्या पितळेत ताक राहिले की ते कळकते आणि पोटाला बाधते, हे आमच्याकडे कोणत्याही घरातल्या बाईला ठाऊक असते. मलाही होते.

मी वसतिगृहात गेलो. नऊच्या नऊ मुले कबड्डीच्या संघातली होती. संघ खेडला सामन्याला गेला होता. त्या गावाला आता राजगुरुनगर म्हणतात. परतीची एसटी उशिरा मिळाली आणि मुले साडेनऊला जेवायला बसली. संघाचा कप्तान भिंतीला टेकून बसला होता. तोंड उतरलेले, पण जीभ जागेवर होती.

"मालक, खेडला हरलो त्याचं दुःख नाही. तुमच्या कढीनं चीत केलं राव."

"चव कशी होती?"

"उग्र होती. तोंडात पैसा धरल्यावर लागतं तशी. पण भूक होती, ओरपली."

"खेडला काही खाल्ले?"

"भजी खाल्ली. सगळ्यांनी." मग थोडे थांबून म्हणाला, "भज्यांवर घाला की, मालक. भजीवाला काय इथं येतोय उत्तर द्यायला?"

शेजारच्या खाटेवरचा मुलगा हसला आणि लगेच पोट धरून वाकला.

मी बाहेर आलो. आता सगळे स्पष्ट होते. मी कढी खाल्ली सहा वाजता, ती नुकतीच उतरवली तेव्हा. वाटी भरली तीही सहाला, आणि ती चिनी मातीची. बहुतेक मुले साडेसातपर्यंत जेवून गेली. त्यांतल्या तिघांना मळमळले होते, हे मला नंतर कळले. उरलेली कढी साडेतीन तास तपेल्यात राहिली, पुन्हा उकळली आणि संघाच्या ताटात गेली. माझ्या वाटीने जी साक्ष दिली असती ती सहा वाजताच्या कढीची होती. मुलांनी खाल्ली ती साडेनऊची.

परत आलो तेव्हा आचारी तपेल्यापाशी उकिडवा बसला होता. त्याने माझ्याकडे न पाहता सांगितले, "वाटी चांगली आहे. पोरांनी भजी खाल्लीन, असं सगळे म्हणतात. मी काय बोलणार नाय, मालक."

मी त्याला विचारले, "सकाळचे ताक आले का?"

"आलं."

"तपेल्यात दोन शेर ओत. झाकू नकोस. तेवढेच चिनी मातीच्या बरणीत."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि उठला. घड्याळात साडेसात झाले होते.

अकरा वाजता प्राचार्यांच्या खोलीत मी, वसतिगृहप्रमुख आणि प्राचार्य एवढेच होतो. मी मेजावर साक्षीची वाटी ठेवली. प्रमुखांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा सैल झाला. रात्रभर जागल्यामुळे त्यांना कुठेतरी उत्तर हवे होते. म्हणाले, "ही तर उत्तम आहे. म्हणजे खेडचीच भजी. मी मुलांना शंभरदा सांगतो."

प्राचार्यांनी कागद पुढे ओढला. मी म्हणालो, "साहेब, लिहू नका. अजून एक वस्तू पाहायची आहे. ती उचलून आणण्यासारखी नाही."

ते दोघे माझ्यामागे खाणावळीत आले. तपेल्यातल्या ताकावर कडेने हिरवट झाक आली होती. बरणीतले ताक पांढरे होते. मी तपेल्यातले चमचाभर तोंडात घेतले आणि बाहेर जाऊन थुंकले. प्राचार्यांनी वाकून नुसता वास घेतला.

"हा डाग केव्हापासून आहे?"

"रविवारपासून मला ठाऊक आहे."

"आणि कल्हईवाला?"

"सोमवारी आला होता. मी परत पाठवला."

"आचाऱ्याने सांगितले नाही?"

"त्यानेच दाखवला. त्याचा दोष नाही."

प्राचार्य कमी बोलणारे होते. गणिताचे प्राध्यापक होते ते, आणि प्रश्न सुटेपर्यंत समोरच्याकडे पाहत नसत. तपेल्याकडे पाहूनच म्हणाले, "वाटी ठेवून तुम्ही गप्प बसला असता तर मी तुम्हाला सोडले असते."

"होय."

"नियम काय आहे ते तुम्हाला माहीत आहे."

"दर वर्षी वाचतो."

 प्रमुखांनी दोनदा घसा साफ केला. मग प्राचार्य म्हणाले, "रात्री साडेसातला वसतिगृहाला जेवायचे आहे. त्या वेळी तुमच्या सगळ्या भांड्यांत मला कुठेही पितळ दिसता कामा नये. दिसले, किंवा ताट उशिरा आले, तर सोमवारपासून समोरच्या हॉटेलवाल्याला बोलावीन. जमणार नसेल तर आत्ताच सांगा."

मी म्हणालो, "जमेल." कसे ते तेव्हा मला माहीत नव्हते. एवढे मात्र माहीत होते की शनिवार होता, चाकणचा बाजार होता, आणि कल्हईवाला बाजारात बसलेला असणार.

मी आचाऱ्याला सांगितले की सगळी भांडी चिंच आणि राखेने घासून अंगणात ओळीने मांड, भट्टीचा खड्डा खण, कोळसा आण, आणि तांदूळ-डाळ निवडून ठेव. मग सायकल काढली. फाटकाबाहेर मुलांची रांग हॉटेलापासून रस्त्यापर्यंत आली होती. अर्धा दिवस चूल बंद ठेवायला मी भ्यालो होतो, आणि आता ती बंदच होती. गल्ल्यावरून हॉटेलवाल्याने हाक मारली, "काय मालक, आज उपास?"

"आज उपास," मी म्हणालो, आणि पेडल मारले.

भोसरीपर्यंत रस्ता बरा होता. मोशीला इंद्रायणीच्या पुलावर एक बैलगाडी आडवी अडकली होती. तिथे पाऊण तास जाण्यासारखा होता. मी सायकल खांद्यावर घेऊन कठड्याच्या कडेने पलीकडे गेलो. चाकणला पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. बाजारात कांद्याच्या राशी, बैल, धूळ. कल्हईवाला चिंचेखाली त्याच्या नेहमीच्या जागी होता. सगळे त्याला चाचा म्हणत. मीही म्हणे. त्याच्यापुढे वीसेक भांडी आणि भांड्यांमागे बसलेल्या बाया.

मी काय झाले ते सांगितले. त्याने हातातला डेचका निखाऱ्यावर फिरवणे थांबवले नाही.

"सोमवारी आलो व्हतो, मालक. तुमी म्हनला, फुडल्या हप्त्यात. हप्ता अजून झाला न्हाई."

"चूक माझी आहे, चाचा."

"ती हायेच. पोरं कशी हायत?"

"बरी आहेत."

"अल्लाची मेहेरबानी." त्याने नवसागराची चिमूट भांड्यात टाकली, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी फिरली, आणि कापसाच्या बोळ्याने त्याने तळ चांदीसारखा केला. "तुमाला चव कळती, मालक. भांडं कळत न्हाई. आता ह्या बाया सकाळपास्नं बसल्यात. ह्यास्नी सोडून आलो तर उद्या माझं तोंड कोन बघंल?"

त्याचे म्हणणे रास्त होते. त्याचा भातेवाला जोडीदार त्या दिवशी आला नव्हता. तो एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने सांडशी सांभाळत होता, म्हणून काम रेंगाळले होते. मी सायकल चिंचेला टेकवली, धोतर खोचले आणि भात्याशी बसलो.

 चाचाने सरकून जागा दिली.

भाता ओढणे दिसते तितके सोपे नाही. झटका दिला की ठिणग्या उडतात आणि कोळसा वाया जातो. मंद ओढला तर कथील वितळत नाही. पहिली दोन भांडी माझ्यामुळे बिघडली आणि चाचाने ती पुन्हा केली. ओळीतली एक म्हातारी मला निरखत होती.

"ह्यो कोन रं नवा? कपडं तर मास्तराचं दिसत्यात."

चाचा म्हणाला, "कालिजातला खानावळवाला हाय."

"मग जोरानं वढ की, बाबा. सकाळी जेवला न्हाईस व्हय?"

"नाही," मी म्हणालो.

बाया हसल्या. थोड्या वेळाने त्या म्हातारीने आपल्या पाटीतली अर्धी भाकरी आणि कांदा माझ्या गुडघ्यापाशी ठेवला. "खा आन मग वढ. माजा हंडा शेवटचा हाय, तो तरी नीट हुंदे." मी डाव्या हाताने भाकरी खाल्ली आणि उजव्याने भाता ओढत राहिलो. पोटात काही गेल्याशिवाय हात चालणार नाही, हे दिसत होते.

सव्वातीनला म्हातारीचा हंडा पाण्यात बुडवला गेला आणि चर्र आवाज झाला. चाचाने सामान आवरले. पिंपरी कॅम्पच्या बाजाराला कांदा घेऊन जाणारा ट्रक उभा होता. मी निवडलेला कांदा चार वर्षे त्याच ट्रकने येत होता. मी, चाचा, भाता आणि सायकल, सगळे पोत्यांवर बसून आलो. पिंपरीला टांगा केला. आवारात शिरलो तेव्हा पावणेपाच झाले होते.

आचाऱ्याने सांगितल्याप्रमाणे सर्व केले होते. सात भांडी अंगणात ओळीने होती आणि खड्ड्यात कोळसा रचलेला होता. चाचाने पहिल्यांदा मोठे तपेले घेतले. ते दोघांना धरावे लागे. मी पुन्हा भात्यावर बसलो. वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून मुले पाहत होती. कोणीतरी ओरडले, "मालक, मेकॅनिकलला प्रवेश घ्या, भट्टी चांगली चालवता!" मी वर पाहिले नाही.

मोठे तपेले झाले आणि गार पडले तसे आचाऱ्याने आत जाऊन त्यात भाताचे आधण ठेवले. पुढची भांडी बाहेर चालू, मागची आत चुलीवर. वरण, भात, कांद्याची कोरडी भाजी. आंबट काही नाही. शेवटचे भांडे सहा वाजून चाळीस मिनिटांनी पाण्यातून निघाले. तासाचा नियम मोडू नये म्हणून मी साडेसहालाच वरणभाताचा पहिला घास खाल्ला होता, कल्हईच्या धुराने तोंड कडू झालेले असताना. भाजी मागाहून झाली. तिला तास मिळाला नसता, म्हणून ती त्या दिवशी मुलांना वाढली नाही.

सात पंचविसाला प्राचार्य आले. हातात टॉर्च होता. एकेका भांड्यात त्यांनी त्याचा उजेड टाकला. भरलेल्यांच्या कडा पाहिल्या, रिकाम्यांचे तळ पाहिले. मोठ्या तपेल्यातला भात आचाऱ्याने त्यांच्यासाठी पळीने बाजूला केला. चाचा दाराशी उभा राहून म्हणाला, "तोंड बघा सायेब, आरशागत हाय." प्राचार्य हसले नाहीत. टॉर्च विझवून ते बाकावर मुलांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "वाढा."

खोली अर्धी भरली होती. उरलेली मुले हॉटेलात होती. ती परत यायला, काहींच्या बाबतीत, जानेवारी उजाडला. त्या नऊजणांपैकी पाचजण आले, चौघांना प्रमुखांनी खोलीवर मऊ भात नेला. कप्तान ताटापुढे उभाच राहिला.

"मालक, आज कढी आहे?"

"नाही."

"उद्या?"

"नाही."

"मग बसतो."

तो बसला, पण हात लावला नाही. माझ्याकडे पाहत राहिला, आणि त्याच्याबरोबरचे चौघेही. मी एक ताट घेतले, त्याच तपेल्यातून त्यांच्यासमोर वाढून घेतले आणि त्यांच्या बाकावर बसून जेवलो. मग ते जेवले.  कप्तानाने दुसऱ्यांदा भात मागितला.

जाताना प्राचार्य दारात थांबले. "कागद तसाच राहील. त्यात एक वाक्य वाढवीन. कल्हईची तारीख मला दर महिन्याला लेखी कळली पाहिजे."

"कळेल."

चाचाला आचाऱ्याने आपल्या शेजारी जेवायला बसवले. रात्री तो तिथेच पडवीत राहणार होता. बाके पुसली गेली. साडेआठला ताटे घासायला गेली. आचारी तपेल्याला हात घालणार तोच मी त्याला थांबवले. साक्षीची वाटी संध्याकाळी साडेसहाला भरून कपाटात ठेवलेली होती. मी दुसरी वाटी घेतली, तीही चिनी मातीची. वरणाचे तपेले तिरके केले, मुलांनी सोडलेले तळातले वरण पळीने खरवडून तिच्यात घेतले, वर झाकण ठेवले, ती पहिलीच्या शेजारी मांडली आणि कपाटाला कडी घातली.